मूल दुरावलंय, भेट होत नाही: विभक्त वडिलांसमोर कोणते कायदेशीर मार्ग असतात?

‘आज शाळेत कार्यक्रम आहे.’ ‘त्याला ताप आलाय.’ ‘तिलाच यायचं नाहीये.’

बायकोपासून वेगळं झाल्यावर मुलाला भेटू पाहणाऱ्या अनेक वडिलांना ही उत्तरं ओळखीची असतात. सुरुवातीला एखादा रविवार चुकतो, मग महिना जातो. पुढे फोन उचलला जात नाही, नंबर ब्लॉक होतो, शाळा बदलते. शेवटचं पाहिलं तेव्हा तीन वर्षांचं असलेलं मूल बघता बघता सहा वर्षांचं होतं.

या उत्तरांमागे कधी खरंच ताप असतो, तर कधी दोघांमधला राग असतो. कधी आईला वाटणारी भीती असते आणि ती अगदी खरीही असू शकते. यातलं नेमकं काय आहे हे ठरवण्याचं काम कोर्टाचं. पण तिथपर्यंत पोहोचायचं कसं, काय मागायचं, आदेश मिळूनही भेट झाली नाही तर काय करायचं, हे अनेकांना माहीत नसतं. त्यात गेलेला वेळ मात्र मुलाच्या बालपणातून वजा होतो.

पालकत्व, ताबा आणि भेट: तीन वेगळ्या गोष्टी

बोलताना हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. कायद्यात मात्र त्यांचा अर्थ वेगळा आहे.

पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने महत्त्वाचे निर्णय घेण्याचा अधिकार. ताबा म्हणजे मूल रोज कोणाकडे राहणार. आणि भेट म्हणजे ज्याच्याकडे ताबा नाही, त्या पालकाला मुलासोबत मिळणारा ठरावीक वेळ.

ताबा गेला म्हणून वडिलांचं नातं संपत नाही आणि भेटीचा हक्कही आपोआप जात नाही. अनेक वडील ‘ताबा मिळणार नाही, मग कोर्टात जाऊन उपयोग काय’ असं म्हणून थांबतात. प्रत्यक्षात ताबा न मागता फक्त भेटीसाठीही अर्ज करता येतो. मूल लहान असेल आणि आईकडे रुळलेलं असेल, तर बऱ्याचदा तोच जास्त व्यवहार्य मार्ग ठरतो.

कायदा काय सांगतो?

भारतात या विषयासाठी एकच कायदा नाही. मुख्य आधार आहे तो 1890 चा पालक आणि पाल्य कायदा. तो सर्व धर्मांच्या लोकांना लागू होतो. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांसाठी त्याच्या जोडीला 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा आहे. घटस्फोटाचा किंवा वेगळं राहण्याचा दावा चालू असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली त्याच दाव्यात मुलांविषयी आदेश मागता येतो. विशेष विवाह कायद्यात अशीच तरतूद कलम 38 मध्ये आहे.

1956 च्या कायद्यातल्या कलम 6 नुसार नैसर्गिक पालक आधी वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई. मात्र पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे असावं, असं त्याच कलमात म्हटलंय. यातल्या ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतर असा घ्यायचा का, हा प्रश्न लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. वडील हयात असले तरी ते मुलाची जबाबदारी घेत नसतील तर आई नैसर्गिक पालक असू शकते, असा अर्थ न्यायालयाने 1999 मध्ये लावला.

थोडक्यात, ‘कायद्याने मी पहिला पालक’ एवढ्या मुद्द्यावर वडिलांना ताबा मिळत नाही. आणि ‘मी आई आहे’ एवढ्यावर आईलाही वडिलांची भेट तोडता येत नाही. या दोन्हींच्या वर एक निकष आहे आणि तो 1956 च्या कायद्याच्या कलम 13 मध्ये स्पष्ट लिहिलाय: मुलाचं हित सर्वांत महत्त्वाचं.

हे ‘हित’ म्हणजे कोणाचा पगार जास्त, एवढंच नव्हे. मुलाचं वय, त्याची तब्येत, शाळा, सवयीचं घर, दोन्ही पालकांचं वागणं, मुलाला मिळणारा वेळ आणि मूल पुरेसं समजतं असेल तर त्याची इच्छा, हे सगळं कोर्ट बघतं.

अर्ज कुठे करायचा?

पहिली चूक बहुतेक वेळा इथेच होते. वडील पुण्यात राहतात, लग्न पुण्यात झालं, म्हणून अर्जही पुण्यात करायचा असं अनेकांना वाटतं. पण 1890 च्या कायद्याचं कलम 9 सांगतं की मूल सामान्यतः जिथे राहतं, तिथल्या कोर्टात अर्ज करावा लागतो. आई मुलाला घेऊन नागपूरला माहेरी गेली असेल आणि मूल तिथल्या शाळेत रुळलं असेल, तर अर्ज नागपूरला करावा लागण्याची शक्यता मोठी असते.

घटस्फोटाचा दावा आधीच कुठे चालू असेल, तर त्याच दाव्यात मुलाच्या भेटीसाठी अर्ज देता येतो. त्यासाठी निकालापर्यंत थांबावं लागत नाही.

मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी कौटुंबिक न्यायालयं आहेत. जिथे ती नाहीत, तिथे अर्ज जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयात चालतो. कौटुंबिक न्यायालयात वकील देणं हा पक्षकाराचा आपोआप मिळणारा हक्क नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. व्यवहारात ती बहुधा मिळते. पण स्वतःची बाजू स्वतः मांडणारेही असतात.

वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करता येते. उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर पुरुषांनाही मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन 15100 आहे.

अर्जात नेमकं काय मागायचं?

‘मुलाला भेटू द्यावं’ एवढंच लिहिलेल्या अर्जातून तसाच मोघम आदेश निघतो. मग कधी, कुठे, किती वेळ, यावर पुन्हा वाद सुरू होतात.

म्हणून मागणी जितकी नेमकी, तितकी बरी. उदाहरणार्थ:

- महिन्यातल्या कोणत्या शनिवारी किंवा रविवारी भेट, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत
- मुलाला कोण आणून सोडणार, कोण परत नेणार आणि कुठे
- दिवाळी, गणपती, नाताळ, ईद यांपैकी कोणता सण कोणाकडे, वाढदिवस कसा वाटून घ्यायचा
- उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्टीतले किती दिवस वडिलांकडे
- फोन किंवा व्हिडिओ कॉलचे वार आणि वेळ
- शाळेचा निकाल, पालकसभा, आजारपण याची माहिती दोघांनाही मिळणं
- आजी-आजोबांची भेट
- भेट चुकली, तर बदली भेट कधी

बराच काळ संपर्क तुटला असेल, तर पहिल्याच अर्जात मुलाला मुक्कामी नेण्याची मागणी करण्यापेक्षा टप्प्यांची योजना मांडणं जास्त पटण्यासारखं असतं. आधी आठवड्यातून दोन व्हिडिओ कॉल, मग कोर्टाच्या आवारात तासभर भेट, मग बागेत किंवा घरी अर्धा दिवस आणि मूल रुळल्यावर मुक्काम. अशा योजनेतून वडिलांनी मुलाच्या बाजूने विचार केलाय, हे न्यायाधीशांनाही दिसतं.

मुख्य अर्जाचा निकाल लागायला बराच काळ जाऊ शकतो. म्हणून त्याच्यासोबतच अंतरिम भेटीचा अर्ज देणं महत्त्वाचं. 1890 च्या कायद्यातल्या कलम 12 खाली असा तात्पुरता आदेश मागता येतो.

परस्पर संमतीने घटस्फोट घेतानाही हीच काळजी घ्यावी लागते. ‘पती सोयीनुसार मुलाला भेटू शकेल’ असं वाक्य सह्या करताना समजुतीचं वाटतं. पण सोय नेमकी कोणाची, हा प्रश्न पुढे उभा राहतो.

संमतीपत्रात काही चुकलं असेल, तरी सगळं संपलं असं नाही. ताब्याचे आणि भेटीचे आदेश कायमचे दगडावरची रेघ नसतात. ते संमतीने झालेले असले तरी मुलाच्या हितासाठी बदलता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्येच स्पष्ट केलं आहे.

दूर राहणाऱ्या वडिलांचं काय?

आई-वडील दोन वेगळ्या राज्यांत किंवा देशांत असतील, तर दर आठवड्याला भेट शक्य नसते. जानेवारी 2020 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांसाठी ‘संपर्काचा हक्क’ ही कल्पना मांडली. मूल ज्या पालकाकडे नाही, त्याला रोज पाच ते दहा मिनिटं मुलाशी बोलता यायला हवं आणि त्यासाठी व्हिडिओ कॉल हा उत्तम मार्ग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. मुलाला आई आणि वडील दोघांच्याही प्रेमाचा हक्क आहे, ही या निकालातली मूळ भूमिका आहे.

नोकरीनिमित्त गल्फमध्ये, बंगळुरूत किंवा जहाजावर असणाऱ्या वडिलांना याचा थेट उपयोग होतो. दहा मिनिटं ऐकायला कमी वाटतात. पण रोज रात्री वडिलांचा चेहरा बघणाऱ्या मुलाला सुट्टीत ते परके वाटत नाहीत.

पहिली भेट: कोर्टातली खोली

कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. ते आईशी, वडिलांशी आणि गरज असेल तर मुलाशी स्वतंत्रपणे बोलतात. भेट कशी झाली, याचा अहवाल न्यायालय त्यांच्याकडून मागवू शकतं. समुपदेशकाकडे जाणं ही फक्त औपचारिकता समजून तिथे बायकोच्या तक्रारींचा पाढा वाचणारे वडील हातातली संधी घालवतात. तिथला विषय मूल हा असतो.

मुंबईत वांद्रे इथल्या कौटुंबिक न्यायालयात अशा भेटींसाठी मुलांची वेगळी जागा आहे. इतर ठिकाणीही न्यायालयाच्या आवारात खेळणी आणि पुस्तकं ठेवलेली खोली असू शकते. जवळ समुपदेशक असतो. बाहेर वकील, पोलीस आणि तारखांची गर्दी असते.

मोठ्या खंडानंतर अशा खोलीत मूल धावत येऊन गळ्यात पडेल, ही अपेक्षा बऱ्याचदा खरी होत नाही. ते आईचा हात सोडत नाही, रडतं, बोलत नाही, कधी ‘काका’ म्हणतं. वडिलांसाठी हा क्षण फार कठीण असतो. मुलासाठीही तो सोपा नसतो.

अशा वेळी काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात. मुलाला जवळ ओढू नये, त्याला येऊ द्यावं. महागड्या भेटवस्तूंपेक्षा सोबत करता येईल असं काही न्यावं: चित्रकलेची वही, कोडं, गोष्टीचं पुस्तक, मातीचा गोळा. ‘आई काय म्हणते?’, ‘घरी कोण येतं?’ असे प्रश्न टाळावेत. ‘मी तुला नेणार आहे’ असं आश्वासन देऊ नये. भेटीचं गुपचूप चित्रीकरण करू नये आणि मुलाचा फोटो सोशल मीडियावर टाकून सहानुभूती मागू नये. तो फोटो मूलही पुढे बघणार असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ठरलेल्या वेळी यावं. वडील येणार म्हणून तयार होऊन बसलेल्या मुलाला दोनदा परत जावं लागलं, तर तिसऱ्यांदा ‘मला जायचं नाही’ हे त्याचं स्वतःचं वाक्य असतं.

मूलच ‘नको’ म्हणालं तर?

मुलाच्या नकाराची कारणं वेगवेगळी असतात. मोठा खंड, आई दुखावेल ही भीती, पूर्वी घरात पाहिलेली भांडणं किंवा मारहाण, नवं घर, नवे लोक. काही वेळा एक पालक मुलाच्या मनात दुसऱ्याविषयी विषही भरतो.

या शेवटच्या प्रकाराचा उल्लेख सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2017 च्या एका निकालात केला होता. त्या प्रकरणात मुलगी वडिलांकडे वाढत होती आणि दुरावलेली होती ती आई. म्हणजे हे काम फक्त आयाच करतात, हा समज बरोबर नाही.

अलीकडे मात्र अनेक अर्जांत हा आरोप सरसकट केला जातो. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबत सावध केलं. मूल दुरावण्यासाठी एका पालकाने नेमकं काय केलं, हे दाखवणाऱ्या ठोस घटना नसताना त्याच्यावर असा शिक्का मारू नये, असं न्यायालयाने म्हटलं. वैद्यकीय क्षेत्रातही याला आजार म्हणून मान्यता नाही.

त्यामुळे ‘मुलाला भडकवलंय’ एवढं म्हणून भागत नाही. कोणत्या तारखेला भेट ठरली होती, काय झालं, कोणता संदेश आला, याची साधी नोंद ठेवलेली वही कोर्टात मोठ्या विशेषणांपेक्षा जास्त कामाला येते.

मूल पुरेसं मोठं असेल, तर न्यायाधीश त्याच्याशी दालनात एकट्याने बोलू शकतात. त्याची इच्छा विचारात घेतली जाते, पण शेवटचा शब्द तोच असतो असं नाही.

आदेश आहे, तरीही भेट होत नाही

ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. अशा वेळी आईच्या दारात जाऊन वाद घालण्याने वडिलांचंच नुकसान होतं. एका भांडणाचा मोबाइलवरचा व्हिडिओ वर्षभराच्या शांतपणावर पाणी फिरवतो.

त्याऐवजी प्रत्येक वेळी ठरलेल्या जागी हजर राहावं आणि भेट झाली नाही, तर त्याच दिवशी सभ्य भाषेत लेखी कळवावं. असं दोन-तीनदा झालं, की त्याच कोर्टात अर्ज देऊन बुडालेल्या भेटींची भरपाई, जागेत बदल किंवा समुपदेशकाच्या उपस्थितीत भेट मागता येते. कौटुंबिक न्यायालयाच्या आदेशाची अंमलबजावणी दिवाणी न्यायालयाच्या आदेशासारखीच करून घेता येते. जाणूनबुजून आणि वारंवार आदेश मोडला जात असेल, तर उच्च न्यायालयात अवमान याचिकेचा मार्ग आहे. वारंवार आड येणं हे पुढे ताब्याचा फेरविचार करतानाही बघितलं जाऊ शकतं.

पोटगी थांबवली तर भेट मिळेल?

नाही. ‘भेट नाही तर पैसे नाहीत’ हा हिशेब अनेक घरांत होतो आणि तो जवळजवळ नेहमीच वडिलांच्या अंगाशी येतो.

मुलाचा खर्च आणि मुलाची भेट या कायद्याच्या नजरेत वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही मुलाचे हक्क आहेत. थकलेल्या पोटगीसाठी वसुलीची कारवाई होऊ शकते, अटकही होऊ शकते. शिवाय ‘जो फी भरत नाही, त्याला मुलाची काय काळजी’ हा समोरच्या वकिलाचा मुद्दा आयताच तयार होतो. उलट पैसे भरले नाहीत म्हणून आईने भेट नाकारणं, हेही चूकच. पोटगी बँकेतून पाठवावी, म्हणजे नोंद राहते.

गंभीर आरोप असतील तर?

घरगुती हिंसाचाराचा किंवा छळाचा खटला चालू आहे, एवढ्याने मुलाची भेट आपोआप बंद होत नाही. पण असे आरोप कोर्ट हलक्यानेही घेत नाही.

2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याचं कलम 21 दोन्ही गोष्टी सांगतं. दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा आईला देऊ शकतात आणि गरज असल्यास वडिलांच्या भेटीची व्यवस्था ठरवू शकतात. मात्र भेटीमुळे मुलाला अपाय होईल असं वाटलं, तर ती नाकारणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

दारू, राग किंवा मारहाण हा प्रश्न खरोखरच असेल, तर तो नाकारत बसण्यापेक्षा उपचार आणि समुपदेशन सुरू करून त्याची कागदपत्रं सादर करणं आणि देखरेखीखालच्या भेटीची स्वतःहून तयारी दाखवणं, हा परत येण्याचा प्रामाणिक रस्ता आहे.

मुलाला परस्पर घेऊन जाणं

शाळेतून किंवा आजोळहून मुलाला परस्पर उचलून आणण्याचा विचार काहींच्या मनात येतो. न्यायालयाची मनाई नसेल, तर वडिलांनी स्वतःच्या मुलाला नेणं हा अपहरणाचा गुन्हा होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2023 मध्ये म्हटलं होतं. पण गुन्हा नाही म्हणजे शहाणपण आहे, असं नाही. ताब्याचा किंवा मनाईचा आदेश असेल, तर चित्र पूर्ण बदलतं. आणि एका क्षणात आईपासून ओढून नेलेल्या मुलाच्या मनात वडिलांची जी आठवण उरते, ती कोणत्याही आदेशाने पुसता येत नाही.

मूल लपवलं गेलं असेल किंवा हक्क नसलेल्या कोणाकडे असेल, तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका करता येते. आईच्या निधनानंतर आईकडच्या नातेवाइकांकडे असलेल्या बाळाचा ताबा वडिलांना देण्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये कायम ठेवला. पण आई-वडिलांमधल्या नेहमीच्या वादात हा पहिला मार्ग नसतो.

मूल परदेशी नेलं जाण्याची भीती असेल, तर परवानगीशिवाय देशाबाहेर नेऊ नये आणि पासपोर्ट कोर्टात जमा करावा, असा आदेश आधीच मागता येतो. मुलं देशाबाहेर नेण्याविषयीच्या 1980 च्या हेग करारात भारत सामील नाही. त्यामुळे एकदा मूल बाहेर गेलं, की परत आणणं फार किचकट होतं.

कायदा बदलणार आहे का?

मे 2015 मध्ये विधी आयोगाने आपल्या 257 व्या अहवालात काही मोठे बदल सुचवले. आई आणि वडील दोघांना समान पालक मानावं, योग्य प्रकरणांत संयुक्त ताबा द्यावा, भेटी आणि सुट्ट्यांचं वेळापत्रक ठरवण्यासाठी मार्गदर्शक सूत्रं असावीत, अशा या शिफारशी होत्या. त्यावर आधारलेला कायदा अजून झालेला नाही. तरीही दोघांच्या संमतीने अशी लेखी योजना करून ती कोर्टाकडून मान्य करून घेता येते.

वडिलांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी

उशीर करू नये, कारण खंड जितका मोठा, तितकं मूल परकं होतं. मूल राहतं तिथल्या कोर्टात अर्ज करावा. अंतरिम भेट आणि व्हिडिओ कॉल आधी मागावेत. वार, वेळ आणि जागा लिहून घ्याव्यात. पोटगी चुकवू नये. नोंदी ठेवाव्यात, पण भांडणं रेकॉर्ड करण्यासाठी भेटीला जाऊ नये.

आणि कोर्टाने पहिल्यांदा महिन्यातून फक्त दोन तास दिले, तर ते कमी म्हणून नाकारू नयेत. पुढचा आदेश या दोन तासांत काय घडलं, यावरच ठरतो. खटला अठराव्या वाढदिवसाला संपेल. मूल त्यानंतर स्वतःच्या मनाने वडिलांना फोन करेल का, हे मात्र या भेटींमध्ये ठरत असतं.